तीन उकळ्यांचे दूध

१

सोमवारी सकाळी शिवपुत्र कलशेट्टीने पाण्याचा घोट घेतला, आणि तो घोट त्याच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर आणि तिथून उशीवर उतरला. त्याला स्वतःला ते कळलेही नाही. कळले ते त्याच्या बायकोला. धनलक्ष्मीने पदराने त्याचे तोंड पुसून पेला पुन्हा ओठांना लावला. या वेळी त्याला असा ठसका लागला की जगदेवी नर्सने धावत येऊन पेलाच काढून घेतला.

शुक्रवारी हाच माणूस ताप आणि डोकेदुखी घेऊन आपल्या पायांनी चालत इस्पितळात आला होता. तीन दिवस त्याला सलाइनमधून भारी औषध चालू होते. तरीही आज त्याचा डावा गाल लुळा पडला होता आणि त्याला एका वस्तूच्या दोन दिसत होत्या. उशाशी उभ्या असलेल्या आईकडे बघून तो जड जिभेने म्हणाला, "अव्वा, आज दोन-दोन आलीस व्हय?"

शिवबाई हसल्या. मग खिडकीकडे तोंड करून त्यांनी डोळे पुसले.

किडनीचे डॉक्टर उदयसिंह यांनी संसर्गरोगाच्या डॉक्टर उत्कर्षा यांना तातडीने बोलावून घेतले. उदयसिंह मूळचे अकलूजचे, वयाने आणि आवाजाने मोठे. उत्कर्षाने त्यांच्या हाताखाली उमेदवारी केली होती, त्यामुळे आजही ती त्यांना 'सर' म्हणे आणि ते तिला अगंतुगं करत.

"दीड वर्षापूर्वी किडनी बदलली याची," ते जिन्यावरच सांगू लागले. "आईनं दिली. उत्तम चालली आहे. आणि आता हे. एमआरआयमध्ये मेंदूच्या देठाला सूज आहे. पाठीतल्या पाण्यात पेशी वाढल्यात. आपल्या भागात अशा रुग्णाच्या मेंदूत कोण शिरतं, तुला सांगायला नको."

"टीबी."

"टीबी. उद्या सकाळी औषधं सुरू करतो."

उत्कर्षा थांबली. दुसऱ्याची किडनी शरीराला परकीच वाटते. ती टिकावी म्हणून शरीराच्या राखणदाराला औषधांनी कायम पेंगुळते ठेवावे लागते. टीबीवरचे मुख्य औषध नेमके या पेंग आणणाऱ्या गोळ्यांचाच निचरा करते. मग राखणदार खडबडून जागा होतो आणि पहिली काठी घरच्याच माणसावर घालतो.

"सर, त्यात आईची किडनी जाऊ शकते."

"डोस वाढवून, औषध बदलून बघू. तरी जाऊ शकते, माहीत आहे. पण टीबी असेल आणि मी थांबलो, तर माणूसच जाईल." उदयसिंह चष्मा पुसू लागले. "तुझ्याकडे आजचा दिवस आहे, उत्कर्षा. दुसरा कुणी असेल तर मला त्याचं नाव सांग, आणि तो आत कुठून आला तेही सांग. नुसता संशय मला चालणार नाही."

२

उत्कर्षा वॉर्डात शिरली तेव्हा दाराशीच एक लहानसा वाद चालू होता.

"आजी, हा फ्रीज इंजेक्शनांचा आहे. तुमचा डबा इथं ठेवता येणार नाही," जगदेवी सांगत होती.

"डबा कुटं हाय? डबी हाय की येवढीशी." शिवबाईंनी मुठीएवढी स्टीलची डबी पदराखालून काढून दाखवली. "देवाचं हाय ते. उनानं नासंल."

"देवाचं असलं तरी नियम नियमच. खाली कँटीनवाल्याला विचारा, तो ठेवेल."

"हितला देव लई कडक हाय," असे पुटपुटत म्हातारी जिना उतरून गेली. उत्कर्षा हसून पुढे झाली.

तिने शिवपुत्रला नीट तपासले. डोळे फिरवायला लावले, जीभ बाहेर काढायला लावली, बोट नाकाला लावायला सांगितले. बोट नाकाऐवजी गालावर गेले. मेंदूच्या देठातच शत्रू बसला होता, यात शंका नव्हती. मग तिने जुने कागद चाळले आणि उदयसिंहांना एकच प्रश्न विचारला.

"किडनी बदलल्यावर रोजची सल्फाची गोळी देतात, ती याला नाही?"

"होती. अंगभर पुरळ उठलं म्हणून बंद केली."

ती गोळी म्हणजे पेंगुळलेल्या राखणदाराच्या हातात ठेवलेली काठी. बरेच भुरटे तिच्या नुसत्या धाकाने दूर राहतात. शिवपुत्रकडे ती काठी नव्हती. शिवाय तीन दिवस चाललेले औषध बहुतेक जंतूंना आडवे करणारे होते, आणि तरीही हा जंतू पुढेच सरकला होता. म्हणजे त्या औषधाला न जुमानणाऱ्यांपैकीच हा कुणीतरी असणार. उत्कर्षाच्या मनात तीन नावे उरली. पहिले टीबीचे. दुसरे कबुतरांच्या विष्ठेत वाढणाऱ्या एका बुरशीचे. आणि तिसरे लिस्टेरिया या जंतूचे. कच्च्या दुधातून पोटात उतरून थेट मेंदूच्या देठापर्यंत चढणारा हा जंतू धडधाकट माणसाला क्वचितच त्रास देतो, पण राखणदार झोपलेला दिसला की सोडत नाही.

"अँपिसिलिन आताच सुरू करा," ती म्हणाली. "लिस्टेरिया असेल तर ते लागू पडेल, आणि किडनीलाही जड नाही."

"देतो. पण म्हणून टीबीचं औषध उद्याच्यापुढे ढकलणार नाही."

ती तशीच प्रयोगशाळेत गेली. डॉक्टर नंदीश सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता म्हणाले, "पाठीच्या पाण्यात काही दिसलं नाही. रक्ताच्या दोन बाटल्यांपैकी एकीत आखूड काड्यांसारखे जंतू उगवलेत. पण ते त्वचेवरचे पाहुणे. सुई टोचताना येतात. मी 'दुर्लक्ष करावे' असं कळवलंय."

"लिस्टेरियाही तसाच दिसतो ना?"

नंदीशांनी आता मान वर केली. "दिसतो. पण मी असे पाहुणे रोज बघतो, आणि लिस्टेरिया अख्ख्या नोकरीत एकदाच बघितलाय."

"थंडाव्यात वाढवून बघाल? लिस्टेरिया थंडाव्यात कोलांट्या मारतो. त्वचेवरचे पाहुणे हलत नाहीत."

"पंचवीस अंशांत ठेवावं लागेल. एप्रिल महिन्यात, सोलापुरात!" ते हसले. "एवढी थंडी माझ्या केबिनच्या एसीशिवाय कुठंच मिळायची नाही. ठेवतो. संध्याकाळी या."

३

धनलक्ष्मीला प्रश्न विचारायचीही गरज पडली नाही. कच्चे दूध एवढे शब्द कानी पडताच ती ताठ झाली.

"मॅडम, माझ्या घरात दुधाला तीन उकळ्या दिल्याशिवाय कुणी हात लावत नाही. पाणी उकळून, काकडी शिजवून. हो, काकडी! हे म्हणतात, अगं, काकडीची भाजी करतात का कुणी? मी करते. मोडनिंबला माझ्या सख्ख्या भावाचं लग्न होतं, तिथं यांचा डबा मी घरून नेला. वहिनी अजून टोमणे मारते."

"बाहेर पाणीपुरी, लस्सी?"

"दीड वर्षात नाही. विचारा त्यांना."

शिवपुत्रने उशीवरच मान हलवली. "शेंगाचटणीसुद्धा... हिच्याच हातची," तो अडखळत म्हणाला. बोलताना त्याचा अर्धाच चेहरा हसला.

उत्कर्षाने तिच्याकडे नीट पाहिले. ही बाई खोटे बोलत नव्हती. नवऱ्याच्या जेवणाची एवढी राखण करणाऱ्या घरात दुधाच्या वाटेने चोर शिरला असे म्हणणे म्हणजे तिच्या दीड वर्षाच्या जागरणावर बोट ठेवणे होते.

बाहेर बाकावर थोरला भाऊ तिप्पण्णा बसला होता. कुंभारीला त्याचे शेत होते, गोठ्यात दोन गाई होत्या. शिवपुत्रच्या घरी दूध जायचे ते त्याच गोठ्यातून. उत्कर्षाला येताना बघून तो उठून उभा राहिला.

"तिप्पण्णा, धाकटा भाऊ गोठ्यावर येतो का? धार काढताना कधी पेलाभर दूध? ताकदीचं म्हणून?"

"आधी प्यायचा की. ल्हानपणी तर आचळालाच तोंड लावायचा," तिप्पण्णा म्हणाला. "पर आपरेशन झाल्यापासनं न्हाय. गोठ्यात पाऊलबी ठेवू देत न्हाय मी त्याला. माजी किडनी जुळली न्हाय, बाई. अव्वाची घ्यावी लागली. निदान येवढं तरी मी सांबाळीन का न्हाय?"

"गाई बऱ्या आहेत?"

"एक बरी हाय. दुसरीचं वासरू गेलं महिन्यामागं. वेळंआधीच गाबडली. पर दूध ब्येस देती."

उत्कर्षाने मनात एक खूण केली. लिस्टेरिया असलेल्या गाई अशाच अवेळी गाभडतात. म्हणजे चोर गावात होता खरा. पण तीन उकळ्यांच्या दारातून तो घरात कसा शिरला असेल?

"आणि त्यांच्या दुकानात?"

"सुताचं दुकान हाय. बाचक्यांवर धूळ, आन् पत्र्याखाली कबुतरं. लई कबुतरं. हाकलली तरी येत्यात. अव्वा म्हन्ती, ऱ्हाऊ दे, मुकी पाखरं हायती."

कबुतरे! उत्कर्षा भराभर चालत प्रयोगशाळेत आली. पाठीच्या पाण्यात बुरशीचा माग लागतो का, हे सांगणारी चाचणी तासाभरात होते. तिने ती स्वतः समोर बसून करून घेतली. नंदीशांनी पट्टी उजेडात धरली, तिरकी करून पाहिली आणि खाली ठेवली.

"बुरशी नाही."

आता टीबी तेवढा उरला होता, किंवा वाट न सापडलेला तो तिसरा.

४

दुपारी कँटीनमध्ये उदयसिंह एकटेच बसले होते. उत्कर्षाने चहा घेतला आणि समोरची खुर्ची ओढली.

"काही नाव?"

"एक संशय आहे. वाट सापडत नाही. घरातलं कुणीच खोटं बोलत नाही, सर. तिघेही खरे आहेत. हीच पंचाईत आहे."

"मग टीबीच." त्यांच्या आवाजात विजय नव्हता. "मलाही आवडत नाही, उत्कर्षा. त्या म्हातारीच्या पोटावरचा व्रण माझ्या ओळखीचा आहे."

"तुम्ही जेवला नाहीत?"

"आज सोमवार. सकाळपासून पोटात काही नाही."

एवढ्यात कँटीनवाल्याने त्यांच्यापुढे बशी आणून ठेवली. तीत शेंगदाण्याचे दोन लाडू होते, दोन केळी होती आणि साबुदाण्याच्या खिचडीचा घसघशीत ढीग होता. उदयसिंहांनी खिचडीचा पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि लाडू मोडला.

"दूधही देतो, सर?" कँटीनवाल्याने विचारले.

"दे. उपाशीपोटी डोकं चालत नाही."

उत्कर्षाला हसू आले. "सर, सकाळपासून पोटात काही नाही ना?"

"नाहीच."

"मग हे काय चाललंय?"

"हे?" त्यांनी बशीकडे प्रामाणिक आश्चर्याने पाहिले. "हा फराळ आहे. हे काय खाणं झालं?"

कँटीनवाल्याने दुधासाठी फ्रीज उघडला. दाराच्या कप्प्यात, सरबताच्या बाटल्यांच्या मध्ये, मुठीएवढी स्टीलची एक डबी बसली होती.

उत्कर्षाचा हसरा चेहरा हळूहळू स्थिर झाला. उदयसिंह खोटे बोलत नव्हते. ते खात होते आणि त्यांनी काही खाल्ले नव्हते, आणि त्यांच्या लेखी दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आपल्याकडे तोंडातून पोटात जाणारे सगळेच काही खाणे म्हणून मोजले जात नाही.

चहा तसाच टाकून ती उठली.

५

शिवबाई वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून बसल्या होत्या. उत्कर्षा त्यांच्याशेजारी खाली फरशीवरच बसली.

"आजी, शिवपुत्रला बाहेरचं काही देत नाही, कच्चं काही देत नाही. बरोबर?"

"व्हय. सून देऊच देत न्हाय."

"आणि देवाचं काय देता?"

"तीर्थ की." म्हातारीला प्रश्नच विचित्र वाटला. "सोमवारी पिंडीवर दूध घालते, त्याचं तीर्थ. पोराला किडनी बसली तवा बोलले हुते मी, दर सोमवारी दुधाचा अबिषेक करीन म्हनून."

"दूध तापवलेलं?"

"देवाला तापवल्यालं चालतंय व्हय? निरसंच लागतंय. तिप्पण्णा दूध घिऊन येतो, त्यातलं तांब्याभर मी आधी बाजूला काडते. मग उरल्यालं सून तापवती."

"तीर्थ शिवपुत्र एकदाच घेतो?"

"आदी येकदाच. उरल्यालं बेलाच्या बुडाशी घालायची. पर ह्या चैतापासनं म्हटलं, वाया कशाला घालवायचं? पोराच्या पोटात जाऊ दे. फ्रीजात ठेवते. सोमवार ते गुरवार, रोज सकाळी चमचाभर. पुडं आंबतंय ते. आज हितंबी आनलंय. पर ती नर्स पानीबी देऊ देत न्हाय."

धनलक्ष्मी दाराशी येऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. "डबी माझ्याच फ्रीजमध्ये असते, मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली. "भाजी ठेवताना मीच सरकवते. पण ते तीर्थ... माझ्या डोक्यातच आलं नाही की ते दूध आहे."

उत्कर्षाने तिच्या हातावर हात ठेवला. फ्रीजमध्ये ठेवले की वस्तू सुरक्षित राहते, असे सगळे जग मानते. बहुतेक जंतूंच्या बाबतीत ते खरेही असते. पण गारठ्यात बाकीचे झोपतात तेव्हा लिस्टेरिया निवांत वाढत बसतो. गाभडलेल्या गाईचे निरसे दूध फ्रीजमध्ये चार-चार दिवस मुरत होते आणि रोज चमचाभर, भक्तिभावाने, पेंगुळलेल्या राखणदाराच्या घरात जात होते. तेच तीर्थ म्हातारीनेही घेतले होते. तिचा राखणदार जागा होता, म्हणून तिला काही झाले नाही.

संध्याकाळी उत्कर्षा आणि उदयसिंह नंदीशांच्या केबिनमध्ये आले, तेव्हा तिथे एसीचा गारवा होता. सूक्ष्मदर्शकाशी आधी नंदीश बसले. मग त्यांनी खुर्ची सरकवली.

"मी दोन दिवस याला पाहुणा म्हणत होतो," ते म्हणाले. "बघा, सर."

उदयसिंहांनी डोळा लावला. प्रकाशाच्या गोल अंगणात आखूड काड्या एकामागून एक टोकावर उलटत होत्या, जत्रेतल्या डोंबाऱ्याच्या पोरांसारख्या. त्वचेवरचे पाहुणे असे खेळ करत नाहीत.

"कोण ते कळलं," उदयसिंह डोळा न काढता म्हणाले. "आणि आला कुठून?"

उत्कर्षाने डबीची गोष्ट सांगितली, गाईचीही सांगितली. लाडवाचीही गाळली नाही. उदयसिंहांनी ती ऐकून घेतली, आणि थोड्या वेळाने त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले.

"उद्याच्या टीबीच्या गोळ्या थांबवा," त्यांनी फोनवर सांगितले. "अँपिसिलिन चालू ठेवा. पूर्ण डोस." मग ते उत्कर्षाकडे वळले. "म्हातारीला सांगणार आहेस? किडनी देणाऱ्या बाईला सांगायचं, की हेही तूच दिलंस?"

६

हा प्रश्न उत्कर्षाने आपल्यापाशी रात्रभर ठेवला. सांगितले नाही तर पुढच्या सोमवारी पुन्हा डबी भरणार होती. आणि न सांगता नुसती बंदी घातली तर म्हातारी उरलेले आयुष्य आपला नवस मोडला म्हणून झुरणार होती.

सकाळी तिने शिवबाईंना तिप्पण्णा आणि धनलक्ष्मी यांच्यासमोरच सगळे सांगितले. सोपे करून सांगितले, पण काही लपवले नाही. शेवटी म्हणाली, "आजी, काल तुम्ही तीर्थाचं बोलला नसता, तर आज टीबीची औषधं सुरू झाली असती. तुम्ही दिलेली किडनी त्यात गेली असती. ती तुमच्याच बोलण्यानं वाचली."

शिवबाईंनी आपल्या तळहाताकडे पाहिले. तिप्पण्णा काही बोलायला गेला, तर त्यांनी हातानेच त्याला थांबवले.

"त्या गाईचं दूध कुनालाच देऊ नगं," त्या आधी त्याला म्हणाल्या. "जनावरांच्या डाक्टरला दाव तिला." मग उत्कर्षाकडे वळून त्यांनी विचारले, "बाई, तापवून गार केल्यालं घातलं तर?"

"शिवपुत्रला चालेल. त्याच दिवशी, ताजं. तुमच्या देवाला चालेल का, ते मला कसं कळणार?"

म्हातारीने विचार केला. "पोरासाठी मी पोट फाडून घेतलं," ती म्हणाली. "त्यो येक उकळी सोसंल की."

"तीन," धनलक्ष्मी म्हणाली. डोळे पुसताना तिला हसूही आले.

डबीतल्या तीर्थातही तोच जंतू निघाल्याचा निकाल त्याच आठवड्यात आला. तोपर्यंत शिवपुत्रला आई एकच दिसू लागली होती. सलाइनची मुदत दीड महिन्याची होती. ती संपता संपता तो वॉर्डातल्या इतरांना सुताच्या भावावर व्याख्याने देऊ लागला होता.

आंब्यांचा हंगाम सरत आला तेव्हा, एका सोमवारी, तो तपासणीला आला. हसताना डावा गाल अजून किंचित मागे राहत होता, एवढीच खूण उरली होती. किडनीचा अहवाल बघून उदयसिंहांनी तो उत्कर्षाकडे सरकवला. त्यात टोकण्यासारखे काही नव्हते.

"पाणी पिऊन दाखवा," उत्कर्षा म्हणाली.

शिवपुत्रने पेला उचलला आणि सगळ्यांदेखत एका दमात रिकामा केला. ओठांच्या कोपऱ्याशी थेंबसुद्धा आला नाही. धनलक्ष्मीचा हात सवयीने पदराकडे गेला आणि काही काम नाही असे पाहून परत आला.

शिवबाईंनी पदराखालून तीच स्टीलची डबी काढली. "आज सकाळचंच हाय. सूनबाई पातेल्याशी हुबी हुती."

त्यांनी चमचाभर तीर्थ आधी मुलाच्या तळहातावर घातले आणि मग उत्कर्षाच्या. उदयसिंहांनीही ओंजळ पुढे केली. "आज सोमवार, आजी. सकाळपासून पोटात काही नाही."

म्हातारीने त्यांच्या हातावर चमचा रिता केला. चमचा मात्र तिथेच धरून ठेवत ती म्हणाली, "घ्या. पर कुनी इचारलं, तर खाल्लं म्हनून सांगा हां."

उदयसिंहांनी तीर्थ घेतले आणि हात डोक्यावरून फिरवला. "सांगतो," ते म्हणाले.